दाराजवळची जागा

मला घाम आवडत नाही. स्वतःचाही नाही आणि दुसऱ्याचा तर मुळीच नाही. तरी निवृत्त झाल्यापासून मी धाकट्या बहिणीच्या हॉट योगाच्या वर्गाबाहेर टेबल टाकून बसायचे आणि आतून निथळत येणाऱ्या माणसांना टॉवेल आणि पाणी द्यायचे. आयुष्यभर दवाखान्याच्या खिडकीवर बसून आजारी माणसांचे नंबर लावले, मग धडधाकट माणसांचे लावायला लागले, एवढाच फरक. धाकटी म्हणायची, ताई, तुझ्या तोंडाला घाबरून निम्मी माणसं जिन्यातूनच परत जातात. जाऊ देत की. ज्यांनी जायला हवं तीच जातात.

वर्ग एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर. लांबट खोली, एका भिंतीला आरसे, छताला हीटर, कोपऱ्यात वाफ सोडणारं यंत्र, खाली रबराची जमीन. दार उघडलं की तोंडावर असा भपकारा यायचा की जीव नको व्हायचा. दाराला वरच्या बाजूला काच होती. ती सारखी धूसर व्हायची आणि मी सारखी पुसायचे. आत मात्र मी कधी बसले नाही. मला रक्तदाब आहे, आणि माझ्या गोळ्या बघून धाकटीनंच पहिल्या दिवशी बजावलं होतं की तू आत पाऊल टाकायचं नाहीस.

ह्या बाबतीत ती भारी कडक. तिचं म्हणणं असं, की उष्णता म्हणजे गंमत नव्हे. अंग तापलं की कातडीतल्या नसा रुंदावतात, रक्तदाब खाली येतो, आणि त्यातून माणूस गोळी खाऊन आलेला असला तर वाकून झटकन उठताना तो जमिनीवरच पडायचा. म्हणून नवा माणूस आला की आधी मी. रक्तदाब आहे का, साखर आहे का, लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे का, हृदयाचं काही, पूर्वी कधी चक्कर येऊन पडलात का, आज काय खाल्लंत, काल ताप होता का, पोट बिघडलं होतं का. ज्याला इन्शुलिन चालू आहे त्यानं साखर तपासून यायचं, कारण गरम अंगात ते भराभर भिनतं, आणि खिशात गोड काहीतरी ठेवायचंच. हृदयाचं दुखणं असलेल्यांना डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. एकदा एक शाळेतली बाई आली, पाचवा महिना, आणि म्हणे मी फक्त हलकी आसनं करीन. मी म्हटलं, बाई, तुला गरम झालं तर तू बाहेर पंख्याखाली येशील, पोटातल्यानं कुठं जायचं? तिला राग आला. येऊ दे.

आत गेल्यावर जागा ठरलेल्या. रक्तदाबवाले दाराजवळ, तिथं फटीतून थोडी हवा यायची. साखरवाले पुढच्या रांगेत, धाकटीच्या समोर. गुडघेवाले भिंतीला. एकदा जागा मिळाली की मिळाली. शेजारच्या बँकेत कॅशियर असलेल्या एक बाई होत्या, त्या एकदा आरशाजवळ सरकल्या तर धाकटीनं सगळ्यांदेखत त्यांना परत पाठवलं. लोकांना ह्या शिस्तीचं कोण कौतुक. आणखी एक नियम होता. डोकं हलकं वाटलं की खाली बसायचं किंवा सरळ बाहेर यायचं, त्यात लाजायचं नाही, आणि जो बसला त्याच्याकडे बाकीच्यांनी वळून बघायचं नाही. बघायचं काम माझं, असं ती सांगायची.

ह्या सगळ्यांत माझे लाडके म्हणजे ड्रायव्हरकाका. पूर्वी बस चालवायचे. रक्तदाब होता, दोन तऱ्हेच्या गोळ्या होत्या, डॉक्टरांनी बेताबेतानं करा म्हणून परवानगी दिली होती, आणि पाठीचं दुखणं ह्या उष्णतेनं खरंच निम्मं झालं होतं. दाराशी पहिलीच जागा त्यांची. म्हणायचे, जन्मभर इंजिनाला मांडी लावून बसलो, ही खोली म्हणजे मला माहेर. मी म्हणायचे, माहेरी आलात तर चार घोट पाणी पिऊन जा. मग मुकाट्यानं प्यायचे.

एका सकाळी कॅशियरबाई मध्येच बाहेर आल्या. माझ्याकडून पाण्याचा ग्लास घेतला आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. आतून धाकटीचा आवाज येत होता. कोणाला खांदा खाली घे, कोणाला श्वास सोड. मग तिनं म्हटलं, "कॅशियरबाई, गुडघा सरळ. छान. अशाच राहा."

बाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, बघा, इथं उभं राहून माझं आसन सुधारलं. मी काही हसले नाही. काच पुसून आत बघितलं. धाकटी तिच्या शिकवायच्या पाटावर उभी होती आणि बाईंच्या रिकाम्या मॅटकडे तोंड करून कौतुकानं मान डोलावत होती.

वर्ग सुटल्यावर ती नेहमीसारखी गार पाण्यानं तोंड धुऊन पंख्याखाली डोळे मिटून बसली. रोज बसायची, मला वाटायचं दमते बिचारी. मी दाराला कडी घातली आणि विचारलं, तुला दिसत नाही का? ती आधी उडवाउडवी करायला लागली. मी म्हटलं, लहानपणापासून तुझं नाक पुसलंय मी, मला शेंड्या लावू नकोस. तेव्हा कुठं बोलली.

मज्जातंतूंचा आजार होता. वायरवरचं प्लास्टिक जागोजागी उखडावं तसं नसांवरचं वेष्टण जातं म्हणे. आधी एक डोळा काही दिवस अंधुक झाला होता, तो बरा झाला, मग पाऊल बधिर झालं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, उष्णतेपासून लांब राहा. उष्णतेनं आजार वाढत नाही, पण अंग तापलं की त्या नसांतून निरोप पोचेनासा होतो. डोळे जातात, पाय जातो. गार झालं की परत येतं. सगळं जग सोडून हिच्याच नशिबी हे यावं, जिनं स्वतःच्या हातानं खोली तापवायचा धंदा मांडला. वर्ग सुरू झाला की थोड्या वेळानं धुकं यायचं, आधी डावीकडे, मग दोन्हीकडे. पहिल्यांदा चेहरे जायचे, मग हातपाय, शेवटी नुसते रंगांचे डाग. म्हणून त्या ठरलेल्या जागा. कोण कुठं आहे हे पाठ, कोणाचं काय चुकतं हे पाठ, आणि बाकी कानांवर. कोणाचा श्वास कसा लागतो ते मला कळतं ताई, म्हणाली. वर्ष झालं, कुणालाही शंका आली नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या शिस्तीचं मी चारचौघांत कौतुक सांगत फिरत होते ती शिस्त म्हणजे आंधळीची काठी निघाली. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, येणाऱ्या प्रत्येकाची मी उलटतपासणी घेते, तुझी कोणी घ्यायची? हीटर काढून टाक, गार खोलीत शिकव, तोच योग आणि तेवढंच पुण्य. ती म्हणाली, गार खोलीतले वर्ग गल्लोगल्ली आहेत, इथं माणसं उष्णतेसाठी जिना चढतात. मी म्हटलं, नाही चढली तर नाही चढली, उपाशी मरणार नाही आपण.

ती म्हणाली, "डॉक्टरकडे गेले की सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, ताई. इथं माझ्या आवाजावर एवढी माणसं उठतात आणि बसतात. हे गेलं तर माझ्यापाशी नुसता आजार उरतो."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. मी तिला म्हटलं, एक तर तू सांग, नाहीतर मी सांगते. तिनं माझे हात धरले. म्हणाली, आठवडाभर दे. जुनी एक विद्यार्थिनी आहे, तिला मदतीला घेते, ती बघेल, मी बोलेन, मग सगळ्यांना नीट सांगून टाकते. तोवर रक्तदाबवाल्यांना मी बसूनच आसनं देईन. मी कबूल झाले. तोवर प्रत्येक वर्गाला काचेशी उभी राहीन असं म्हटलं, आणि राहिलेही.

त्याच आठवड्यात, ती मदतीला यायची विद्यार्थिनी अजून आलेली नसताना, एक नवी मुलगी आली, औषधांच्या दुकानात काम करणारी. लहानपणी एकदा चक्कर येऊन पडले होते म्हणाली, बाकी सगळं ठीक. मी तिला मागच्या कोपऱ्यातली भिंतीलगतची जागा दिली. ड्रायव्हरकाका आले, त्यांना रोजचे प्रश्न विचारले, त्यांनी रोजचीच उत्तरं दिली आणि वर म्हणाले, तुमच्यासमोर कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. चेहरा जरा उतरलेला वाटला म्हणून मी दोनदा विचारलं. झोप नीट झाली नाही म्हणाले. मी म्हटलं, आज नुसतं बसून करा. हो म्हणाले. वर्ग सुरू झाला. तेवढ्यात खालचा लॉन्ड्रीवाला तणतणत वर आला, त्याच्या छतातून पाणी गळत होतं आणि ते आमच्याकडूनच येतं असं त्याचं ठाम मत होतं. त्याला वाटेला लावीपर्यंत थोडा वेळ गेला.

परत काचेशी आले, पुसली, तर दाराजवळच्या जागेवर ती नवी मुलगी.

आतून धाकटी म्हणत होती, "सावकाश, ड्रायव्हरकाका. घाई नाही आपल्याला. छान. अगदी छान."

मी दार ढकलून आत घुसले. मागच्या कोपऱ्यात काका भिंतीला टेकून बसले होते, हनुवटी छातीवर. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींना ते बसलेले आरशात दिसत होते. पण जो बसला त्याच्याकडे बघायचं नाही हा नियम, आणि मॅडम त्यांच्याशी बोलत होत्याच की. मॅडमचं लक्ष आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला बघायचं? मी त्यांच्या कपाळाला हात लावला. कातडी पोळत होती आणि कोरडी ठणठणीत होती. त्या खोलीत घाम नसलेलं माणूस म्हणजे ते एकटे. मी ओरडले.

पाटावरून धाकटीचा आवाज आला, "ताई? काय झालं? कुठं?"

त्या 'कुठं' चा अर्थ त्या खोलीत फक्त मला कळला. ती दोन्ही हात पुढे करून पाटावरून खाली उतरायला बघत होती आणि तिचा डावा पाय उचलत नव्हता. तिच्याकडे बघायला मला सवड नव्हती. कॅशियरबाई आणि मी मिळून काकांना ओढत बाहेर आणलं, पंख्याखाली आडवं केलं, ओले टॉवेल मानेला, काखेत, जांघेत लावले, होतं नव्हतं तेवढं पाणी अंगावर ओतलं. त्या नव्या मुलीनं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती सारखी रडत एकच सांगत होती, की दाराजवळ हवा येते, तू नवी आहेस, तू इथं बस, असं म्हणून काकांनीच तिच्याशी जागा बदलली. काका मध्येच पुटपुटायला लागले. पुढचा थांबा कुठला, असं मला विचारत होते. मी म्हटलं, आलाच काका, आलाच. त्यानंतर ते कुणाशी बोलले नाहीत. दवाखान्यात गेले आणि तिथून परत आले नाहीत.

चौकशी झाली. व्हायचीच. डॉक्टरांनी लिहिलं, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, त्यात गोळ्या, त्यात उष्णता. वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकानं एकच सांगितलं, की मॅडमचं काकांकडे पूर्ण लक्ष होतं. त्यांना हाक मारून सावकाश करा म्हणून सांगत होत्या, आम्ही कानांनी ऐकलं. जे आत होते ते खोटं बोलत नव्हते. मी टेबलाशी उभी राहून ते ऐकत होते. मला विचारलं तेव्हा मी काय काय प्रश्न विचारते ते सगळं सांगितलं, बाकी तोंडाला कुलूप. घरी आल्यावर धाकटीला म्हटलं, झालं ते झालं. माणूस परत येत नाही. तुझ्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही, आता तू होऊन ठेवू नकोस. हा धंदा बंद कर आणि गप्प बस. तिनं मान हलवली. जेवत नव्हती, झोपत नव्हती. मला वाटलं, हळूहळू सावरेल.

मग काकू आल्या. काकांच्या बायको. काकांची मॅट आणि पिशवी न्यायला आल्या होत्या. आम्ही त्या दिवशी खोली आवरायलाच गेलो होतो, आरशांवर कागद लावत होतो. मी त्यांना खुर्ची दिली. छोट्याशा चणीची बाई, बोलायला अगदी साधी. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, आतला टॉवेल काढून परत घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला दोष द्यायला आले नाही. आदल्या दिवसापासून ह्यांचं पोट बिघडलं होतं. मी नका जाऊ म्हटलं. ऐकलं नाही. तुमच्या ताईंनी विचारलं तर सांगणार नाही, नाहीतर त्या दारातूनच हाकलतील, असं म्हणून हसले.

"मी म्हटलं, आत काही झालं तर?" काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, अगं, मॅडम डोळ्यांत तेल घालून बघते. मला काही होतंय हे माझ्याआधी तिला कळतं. तिला नाही पटलं तर तीच बाहेर काढील."

धाकटीच्या हातातला कागद खाली पडला.

काकूंना ते कळलं नाही. त्या पिशवीचे बंद चाचपत होत्या. म्हणाल्या, एकच विचारायचं होतं. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तोंडावर नळ्या होत्या, काही दिसलंच नाही. "शेवटचं तुम्ही बघितलंत त्यांना. चेहरा कसा होता? त्रास होत होता का हो?"

मी मध्ये पडले. शांत होते काकू, म्हटलं, अगदी शांत, डोळा लागल्यासारखे. एवढं खोटं कोणीही बोलेल. त्यात कुणाचं काय जातं? काकूंनी मान डोलावली सुद्धा.

"ताई, थांब," धाकटी म्हणाली. "काकू, मी त्यांना बघितलं नाही. मला तिथं दिसत नाही. खोली तापली की माझे डोळे जातात. वर्षभर जातायत. मी रिकाम्या जागेशी बोलत होते."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई हंबरडा फोडेल, शिव्या देईल, हातातलं फेकून मारेल. मी तयार होते. भांडणाला काय उत्तर द्यायचं ते मला येतं.

"ह्यांना माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"नाही. कुणालाच नाही. ताईला तेवढं कळलं होतं."

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. ती नजर मी अजून बाळगते आहे.

"ह्यांना सांगायचंत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ह्यांनी बस का सोडली ते बोलले नसतील कधी. एका संध्याकाळी समोरचा सायकलवाला ह्यांना उशिरा दिसला. झालं काही नाही, ब्रेक लागला. सकाळी डेपोत गेले आणि साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवून आले. कुणी मागितली नव्हती. नोकरीची कितीतरी वर्षं बाकी होती. मग कितीतरी दिवस घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवायलाही उठायचे नाहीत. तुम्ही सांगितलं असतंत तर ते रोज तुमच्याशेजारी येऊन बसले असते. तुम्हाला काय होत होतं ते त्यांच्याइतकं कोणाला कळलं असतं?"

त्यांनी मॅट काखेत मारली आणि पिशवी खांद्याला लावली. मी जिन्यापर्यंत सोडायला पुढे झाले तर हातानंच नको म्हणाल्या. कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. धाकटी दारात उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होती. हीटर कधीचे बंद होते, खोली गार पडली होती, आणि तिला सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.